मॅडमना माहीत आहे

राजापेठ, अमरावती
९ जानेवारी २०२५

प्रिय रागिणी,

आज केस धुऊन उन्हात बसले आणि नागपूरच्या होस्टेलची गच्ची आठवली. रविवारी आपण दोघी तिथे केस वाळवत बसायचो. तू औषधशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारायचीस आणि मी मोसंबी सोलत उत्तरं द्यायची. उत्तर चुकलं तरी तू कधी 'चूक' म्हणाली नाहीस. नुसती पान उलटायची थांबायचीस. मग मी दुसरं उत्तर द्यायची. त्या रविवारांत काही घडलं होतं असं नाही. चाळीस वर्षं झाली, म्हणून ते सांगण्यासारखं वाटतं.

ही आठवण येण्याचं कारण केस नाहीत, कॉम्प्युटर आहे.

दिवाळीनंतर आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात कागद बंद झाले. औषध आता पडद्यावर लिहायचं. नाव टाकलं की मधोमध एक चौकट उघडते. पिवळी असेल तर विचार करा, तांबडी असेल तर थांबा. तरीही पुढे जायचं असेल तर खाली कारण लिहावं लागतं. कारण लिहिल्याशिवाय चौकट जात नाही.

काल शेंदूरजनाघाटच्या एक आजी आल्या होत्या. गोळी लिहिली, तर चौकट: 'रुग्ण गरोदर नसल्याची खात्री करा.' मी कारण लिहिलं, 'वय एकाहत्तर.' ते यंत्राला पटलं. लगेच दुसरी चौकट आली: 'सत्तरीवरील रुग्ण, मात्रा कमी करा.' आजींना मी म्हटलं, तुमचं खरं वय काय? त्या म्हणाल्या, "शाळेतल्या मास्तरनं एक जुलै लिवला, तेच हाय." आमच्याकडे निम्मा तालुका एक जुलैला जन्मलेला आहे.

सकाळच्या एक्केचाळीस पेशंटांत मला त्रेसष्ट चौकटी आल्या. आमचे सर्जन शेषरावसर कारणाच्या जागी टिंब देतात. मी मत विचारलं तर म्हणाले, "कारण मागते ना? दिलं." आमचा तरुण फिजिशियन केदार प्रत्येक चौकट वाचतो, आणि त्याचे पेशंट साडेचारपर्यंत बाकावर असतात. मी एका बोटाने टाइप करते. परवा एक बाई नवरा गेल्याचं सांगत होती आणि मी कीबोर्डवर अक्षर शोधत होते. अक्षर सापडलं तेव्हा तिचं सांगून झालं होतं.

तुझं कानाचं यंत्र फोनवर अजून शिट्ट्या मारतं का? मारत असेल तर पत्रच लिही.

तुझी,
चारू

•

जठारपेठ, अकोला
२० जानेवारी २०२५

प्रिय चारू,

पत्र मिळालं. मोसंबी नव्हती, संत्री होती. बाकी बरोबर.

कान तसाच आहे. फोनवर भाचा विपुल बोलतो तेव्हा मला पाखरं ऐकू येतात.

तुझं पत्र वेळेवर आलं. रिटायर झाल्यावर इथल्या एका हॉस्पिटलने मला समितीत घेतलं आहे. ते तुमच्यासारखीच व्यवस्था आणणार आहेत आणि तत्पूर्वी डॉक्टरांची मतं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, त्यामुळे या विषयावर माझं मत कुणी विचारत नाही. तुझं हवं आहे. किती चौकटी येतात ते कळलं. त्यातल्या किती वाचतेस, ते लिही.

दुसरं काम घरचं. खुशालदादांच्या हृदयाची झडप नोव्हेंबरात नागपूरला बदलली. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर. दर पंधरवड्याला रक्त तपासायचं म्हणून ते अमरावतीत मुलाकडे, विपुलकडे, राहायला आले आहेत. तू त्यांना बघावंस अशी माझी इच्छा आहे. मी त्यांना म्हटलं, चारूकडे जायचं. ते म्हणाले, "ते कॉन्व्हेंटवाली? तिच्यासमोर मले खोकलाबी येत नाई." म्हणजे येतील.

ही गोळी कुणाकुणाशी भांडते ते तुला माहीत आहे. तरी माझ्या समाधानासाठी लिहिते: दुखण्याच्या गोळ्या, बुरशीची औषधं, आणि सल्फा. सल्फा विशेषतः. आईवडील गेल्यावर घरात मला नावाने हाक मारणारा तेवढा एक भाऊच उरला आहे.

रागिणी

•

राजापेठ, अमरावती
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रागिणी,

संत्रीच असतील. वाद घालत नाही.

दादा आले. मला पाहून उभेच राहिले. मी म्हटलं, "बसा दादा." म्हणाले, "बसतो वो, पण तू पहिले इंग्रजीत नको बोलू." मी म्हटलं, मी मराठीतच बोलते आहे. "तोंड इंग्रजी दिसून राहिलं," म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या शेतावर हुरड्याला आले होते तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं होतं. रक्ताचा आकडा छान आहे, तीनच्या जरा खाली. गोळी रोज रात्री जेवल्यावर घेतात. विपुलच्या बायकोने डबीवर वार लिहून दिले आहेत.

सल्फाचं तू मला लिहायला नको होतंस. मला माहीत आहे.

आता मतं. शेषरावसरांचं टिंब तुला कळवलंच. केदार म्हणतो, चौकटी हव्यात, पण दहापैकी नऊ फालतू असल्या की दहावीही फालतू वाटते. बालरोगाच्या अश्लेषाताईंचं मत सर्वांत लहान आहे: "महिन्यात दोनदा दशांश चिन्ह चुकलं आणि चौकटीने हात धरला. ती दोन मुलं कोणती, ते मी त्यांच्या आयांना सांगितलं नाही." हे तू जसंच्या तसं घे.

माझं मत मात्र बदललं आहे. संक्रांतीपासून मला मदतीला गीतांजली नावाची मुलगी दिली आहे, नुकतीच डॉक्टर झालेली, हुशार आणि शांत. मी बोलते, ती माझ्या नावाने टाइप करते. पडदा तिच्याकडे, पेशंट माझ्याकडे. आणि तुला सांगते, तेव्हापासून कॉम्प्युटर गप्प झाला आहे. मध्ये थांबणं नाही, कारण देणं नाही. महिनाभरात एकदाही मला कुणी अडवलं नाही. ही व्यवस्था बसवणाऱ्या कंपनीचा ईशान पुण्याहून येतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "सिस्टीमला तुमची सवय झाली असेल, मॅडम." तो चार्जर शोधत होता, तरी मला बरं वाटलं. बासष्टाव्या वर्षी नवीन कुणाला तरी आपली सवय व्हावी, ही लहान गोष्ट नाही.

पेशंटांच्या चेहऱ्याकडे मी पुन्हा बघायला लागले आहे. तेव्हा माझं मत असं लिही: अनुभवी डॉक्टरला ही व्यवस्था थोड्याच दिवसांत ओळखते आणि त्रास देत नाही.

तुझी,
चारू

•

जठारपेठ, अकोला
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय चारू,

तुझं पत्र समितीत वाचलं. दादांचा भाग सोडून.

यंत्राला माणसाची सवय होते, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. पण तू लिहिलंस म्हणून टिपणात घेतलं. समितीला ते फारच आवडलं. इथले तिघे ज्येष्ठ डॉक्टर एकदम सरळ बसले. त्यांचं म्हणणं, यंत्राला ओळख पटायची वाट तरी कशाला बघायची? पंचवीस वर्षांवर अनुभव असेल त्या डॉक्टरला चौकटी पहिल्या दिवसापासून बंदच ठेवाव्यात. तसा मसुदा मी केला आहे. पाच एप्रिलला त्यावर शिक्का बसेल. वर आधार म्हणून तुझं नाव आहे.

अश्लेषाताईंचं मतही वाचलं. चहा आला.

दादांचा निरोप आहे की तू त्यांना तंबाखूबद्दल बोललीस ते त्यांनी ऐकून घेतलं आहे. सोडली असं नाही.

रागिणी

•

राजापेठ, अमरावती
१७ मार्च २०२५

प्रिय रागिणी,

विपुल उद्या तुला आणायला अकोल्याला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. आधी मुद्द्याचं: दादा आता बरे आहेत. बोलतात. डाळीत मीठ नाही म्हणून नर्सशी दोनदा भांडले.

मंगळवारी, अकरा तारखेला, ते नेहमीच्या तपासणीला आले होते. त्यांना लघवीला जळजळ होती, त्यासाठी मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. शुक्रवारी धुळवड होती. त्यांच्या टॉवेलवर लाल डाग होते, हिरड्यांतून आलेले. घरात नातवंडं रंग खेळून आली होती आणि प्रत्येकाच्याच टॉवेलवर लाल होतं, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. दादांनी पाहिलं, पण त्यांनाही रंगच वाटला. काल सकाळी त्यांना शौचास काळं झालं आणि चक्कर आली. विपुलने रिक्षात घालून आणलं. आकडा तीनच्या आसपास हवा तो नऊवर गेला होता. औषध दिलं, रक्तातला द्रव चढवला, आज आकडा उतरला आहे. झडप नीट आहे. डोक्याचा स्कॅन केला, तोही स्वच्छ आहे.

मी दिलेली गोळी सल्फाची होती.

कॉम्प्युटरने मला काही दाखवलं नाही, रागिणी. एवढी मोठी गोष्ट, आणि चौकट आली नाही. शेंदूरजनाघाटच्या आजी गरोदर आहेत का हे विचारणारं यंत्र दादांच्या वेळी गप्प बसलं. मी कंपनीकडे लेखी तक्रार करते आहे.

तू येशील तेव्हा बोलू. मी दुपारी दोनपर्यंत ओपीडीत असते.

तुझी,
चारू

•

जठारपेठ, अकोला
२२ मार्च २०२५

चारुशीला,

मी आले होते. दोन दिवस दादांजवळ बसले. ओपीडी त्याच मजल्यावर आहे. तुझा आवाज ऐकू येत होता, म्हणजे माझ्या कानाच्या मानाने बऱ्यापैकी. भेटले नाही.

तुझं पत्र विपुलने दिलं त्या दिवशी मी त्याला अर्ज करायला लावला आणि दादांच्या नोंदीची छापील प्रत घेतली. मला यंत्राची चूक बघायची होती. माझ्या मसुद्याला तिचा उपयोग झाला असता. प्रतीतल्या ओळी तशाच उतरवते.

'११ मार्च, १२.४१. तांबडा इशारा. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत सल्फा: गंभीर रक्तस्रावाचा धोका. इशारा ओलांडला. कारण: मॅडमना माहीत आहे. डॉक्टर: चारुशीला.'

चौकट आली होती. तुझ्या नावाने ओलांडली गेली. आणि तू मला लिहितेस, आली नाही.

तू विसरलीस असं लिहिलं असतंस तर मी समजले असते. विसरणं मला कळतं, मी शिकवायची तेव्हा त्यावर एक पूर्ण तास घ्यायची. हे दुसरं काय आहे, ते तू सांग.

मसुदा पाच तारखेला पास होणार आहे. त्यावर तुझं नाव तसंच आहे. मी ते काढलेलं नाही. काढायला कारण लिहावं लागेल.

रागिणी

•

राजापेठ, अमरावती
२८ मार्च २०२५

प्रिय रागिणी,

'प्रिय' मी तसंच ठेवते.

तुझ्या पत्रातली ओळ मी तीनदा वाचली. मी स्वतःला 'मॅडम' म्हणत नाही, म्हणजे ते कुणी लिहिलं हे कळायला वेळ लागला नाही. गीतांजलीला खोलीत बोलावलं. ओळ दाखवली.

"हे तू लिहिलंस?"

"हो, मॅडम."

"असं कधीपासून लिहितेस?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून."

"का?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

मला काही आठवेना. तिनेच आठवण करून दिली. पहिल्या दिवशी चौकट आली की ती मोठ्याने वाचून दाखवायची. खोली पेशंटांनी भरलेली होती. तिसऱ्या वेळी मी म्हणाले होते, 'गीतांजली, मला माहीत आहे.'

"एवढंच म्हणाले?" मी विचारलं.

"आवाज बारीक करून म्हणालात, मॅडम."

तुला तो आवाज माहीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला रागावायचं कसं हे शिकवलं होतं: ओरडायचं नाही, आवाज खाली आणायचा आणि नाव घ्यायचं. त्यापेक्षा समोरच्याला ओरडणं परवडतं. त्या दिवसापासून चौकट आली की ती मुलगी मुकाट्याने खाली 'मॅडमना माहीत आहे' लिहून ती घालवायची. मला त्रास नको म्हणून. ईशानने मोजून दिलं: दोन हजार एकशे सहा वेळा. कॉम्प्युटर एक दिवसही गप्प नव्हता. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बोलत होता.

"खुशालरावांची चौकट तू वाचली होतीस?"

"वाचली. मला वाटलं, तुम्ही विचार करूनच देताय. तुम्हाला माहीत नसेल असं कसं होईल?"

मला माहीत होतंच, रागिणी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण दादा तपासून झाले होते, दारापर्यंत गेले होते, तिथून वळून म्हणाले, "लघवीले जळजळ होते वो, त्याची बी दे एखादी." मी पुढच्या बाईचं मनगट हातात घेतलं होतं. तिची नाडी मोजत मोजत गोळीचं नाव सांगितलं. त्या मिनिटाला मला जे माहीत होतं ते माझ्याजवळ नव्हतं. ते गीतांजलीसमोरच्या पडद्यावर होतं.

आता माझं खोटं. चौकट आली नाही असं मी लिहिलं तेव्हा मला तसंच वाटत होतं, हे खरं मान. पण ती आली नसती तरी सल्फा माझ्या लक्षात असायला हवा होता. तू जानेवारीत स्वतःच्या हाताने लिहून कळवला होतास. त्या पत्रात मी माझ्या विसरण्याबद्दल एक ओळ लिहिली नाही आणि यंत्राबद्दल चार लिहिल्या. 'मी विसरले' हे मला तुला लिहायचं नव्हतं. तुला नव्हतंच.

अधीक्षकांनी मला बोलावलं होतं. त्यांनी गीतांजलीसाठी नोटीस तयार ठेवली होती. म्हणाले, "ज्येष्ठ डॉक्टरांचं नाव यात यायला नको. मुलगी नवीन आहे, दुसरीकडे लागेल." मी म्हटलं, नोंद माझ्या नावाची आहे, पासवर्ड मी दिला होता, गोळी मी सांगितली. त्यांनी विचारलं, "मग लिहायचं काय?" मी तिथेच बसून लिहून दिलं. आवाज या वेळी वर गेला होता असं बाहेरच्या शिपायाने नंतर सांगितलं.

मग दादांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते आडवे होते, उठून बसले.

"म्हंजे त्या डब्यानं सांगतलं होतं?"

"हो, दादा."

"अन् तुले आयकू आलं नाई?"

"मी येऊ दिलं नाही."

त्यांनी विचारलं, "पोरीले काढून राहिले का?"

"नाही."

"काढू बी नका. ते घाबरली असन. मीच तुले घाबरतो, ते तं लेकरू हाये." मग म्हणाले, "मले वाटलं तू आता रडतं."

मी म्हटलं, नंतर. ते म्हणाले, "रड मंग, पण पहिले त्या डाळीत मीठ टाकाले सांग."

रागिणी, मी तुझ्याकडे माफी मागते आहे, ती कोणत्या शब्दांत मागायची ते मला येत नाही. म्हणून एक काम सांगते. पाच तारखेला हे पत्र समितीत वाच. दादांचा भागही सोडू नकोस. माझं पहिलं पत्र ज्यांनी सरळ बसून ऐकलं, त्यांनी हेही ऐकावं. पंचवीस वर्षांच्या अनुभवाला चौकट बंद ठेवायची असेल तर त्या मसुद्याखाली माझं नाव नको. माझा अनुभव सदतीस वर्षांचा आहे.

तुझी,
चारू

•

जठारपेठ, अकोला
६ एप्रिल २०२५

प्रिय चारू,

वाचलं. सगळं वाचलं, मीठसुद्धा.

वाचून झाल्यावर तिघांपैकी एक सर्जन म्हणाले, "म्हणजे आम्हालाही चौकट येणार?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग अक्षर मोठं ठेवा."

ठरलं ते असं. पिवळ्या चौकटी जवळजवळ सगळ्या बंद, सगळ्यांनाच. एकाहत्तरच्या आजींना कुणी काही विचारणार नाही. जीव जाईल अशाच गोष्टींसाठी तांबडी, तिची यादी मी करते आहे. ती कुणालाही बंद करता येणार नाही, समितीच्या अध्यक्षांनाही नाही. आणि एकाच्या नावाने दुसऱ्याने औषध लिहायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा झाला, त्यावरून मला कळलं की इथेही तेच चालणार होतं.

आता माझं. यंत्राला सवय होते हे फेब्रुवारीत वाचलं तेव्हाच मला माहीत होतं की हे शक्य नाही. मी हा विषय शिकवलेली बाई आहे. मी तुला तेव्हाच विचारायला हवं होतं, चारू, तुझ्या चौकटी जातात कुठे? विचारलं नाही. समिती पहिल्यांदाच माझं काहीतरी ऐकत होती आणि तुझं वाक्य टिपणात फार छान बसलं होतं. मी ते विचारलं असतं तर अकरा मार्चला ती मुलगी मोठ्याने वाचत असती. माझा भाऊ माझ्याही गप्प बसण्याने पडला. २२ तारखेच्या पत्रात हे मी लिहिलं नाही. त्यात मी छापील प्रत उतरवली.

म्हणजे आपलं दोघींचं सारखं झालं. याचं मला समाधान वाटू नये, पण थोडं वाटतं.

एक राहिलं. दादा घरी गेले. ते म्हणतात, डॉक्टर बदलायचा नाही, "चारूच पाह्यन मले." माझं मन मात्र कचरतं. तुझ्यावरचा भरवसा गेला हे त्याचं कारण नाही. पुढच्या वेळी त्यांचा आकडा जरा हलला तर तू त्यांच्याकडे स्वतःची शिक्षा म्हणून बघशील, पेशंट म्हणून नाही. माझी चूक असेल. ठरव तू. तू ठरवशील ते मी दादांना सांगेन, म्हणजे पत्राने. फोनवर त्यांचा आवाज आला की मी फक्त हो म्हणते.

रागिणी

•

राजापेठ, अमरावती
१३ एप्रिल २०२५

प्रिय रागिणी,

तुझं बरोबर आहे. मागच्या आठवड्यात दादांचा आकडा एक दशांशाने वर आला, तर मी केदारला दोनदा फोन केला आणि विपुलला तीनदा. विपुल शेवटी म्हणाला, "आत्या, बाबा मजेत आहेत, तुम्ही काही खाल्लं का?"

मी ओपीडी सोडत नाही. पण यापुढे सकाळी वीसच पेशंट, आणि टाइप मी स्वतः करणार. एका बोटाने वीसच होतात, मोजून पाहिलं. कुणी नवरा गेल्याचं सांगायला लागलं तर कीबोर्ड बाजूला सारते आणि ऐकून झाल्यावर लिहिते. शेषरावसर म्हणाले, "फार वेळ लागतो तुम्हाला." मी म्हटलं, हो.

काल मला तांबडी चौकट आली. मी वाचली. ती बरोबर होती. गोळी बदलली. समोरच्या माणसाने विचारलं, "काय झालं, मॅडम?" मी म्हटलं, "माझी चूक होत होती." तो बिचारा माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच त्याला धीर द्यावा लागला.

बाकीची वाटणी आज बसून केली. परवा अधीक्षकांना देते, एक प्रत तुला असावी.

मंगळवारचे मधुमेहाचे सगळे पेशंट गीतांजलीला, तिच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पासवर्डने. ती त्यांना नावानिशी ओळखते. तिचा अनुभवाचा दाखला मी लिहिला आहे, तो तिला सहा महिने पूर्ण होतील तेव्हा द्यायचा, आधी नाही, नाहीतर नोकरी सोडून जाईल.

दम्याची माणसं केदारला. त्यातले रिद्धपूरचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवायचं.

माझी उंच पाठीची खुर्ची अश्लेषाताईंना. त्यांची कंबर गेली आहे आणि त्या मागणार नाहीत.

कंपनीला लिहिलेली तक्रार कुणालाही नको, ती मी फाडली. ईशानला नवा चार्जर.

खुशालदादांची फाइल केदारला. त्याला मी सगळं सांगितलं आहे, माझ्या नावासकट. पंधरवड्याच्या रक्ताच्या आकड्याच्या दोन प्रती निघतील: एक केदारकडे राहील, एक विपुल तुला पोस्टाने पाठवील. मला प्रत नको, मी मागितली तरी द्यायची नाही.

मला दादा रविवारी चार वाजता द्यायचे, चहापुरते.

तुझी,
चारू